मनगटावरचा फटका

वडील गेल्यानंतर मला मारायची हिंमत एकाच माणसानं केली, आणि ते माणूस एकेकाळी माझ्याच वर्गात खिडकीजवळ शेंबूड पुसत बसायचं. शिवकन्या तिचं नाव. चकलांब्याच्या मेंढपाळाची पोरगी. पाटोद्याच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये, वीसेक माणसांच्या देखत, तिनं माझ्या उजव्या मनगटावर ब्रशच्या दांडीनं असा फटका हाणला की कोपरापर्यंत मुंग्या आल्या. मी निवृत्त मुख्याध्यापक, वय वर्षं बासष्ट. मला बघून अजून लोक हातातली बिडी पाठीमागं लपवतात. आणि ही कालची पोर!

"कावून गिरवताव?" ती ओरडली. "एकदा वढली ना रेघ? मग झालं ते झालं. मागं फिरायचं न्हाई!"

समोरच्या कागदावर मी जपानी 'एक' काढला होता. एक म्हणजे एक आडवी रेघ, बस्स. ती मधे जरा बारीक झाली म्हणून मी ब्रश पुन्हा टेकवला होता, एवढाच माझा गुन्हा. तळपायाची आग मस्तकात गेली. उठून चालू लागणार होतो, पण पाय मुडपून बसल्यानं दोन्ही गुडघ्यांना मुंग्या आल्या होत्या आणि भिंतीला धरल्याशिवाय उठता येईना. सगळ्यांसमोर भिंत धरायची लाज वाटली म्हणून बसून राहिलो. मग दोन वर्षं बसून राहिलो.

आज हे लिहितानाही डोकं तापलेलंच आहे. शिवकन्येला एक कागद मिळवायचा होता. 'ही बाई आता दुसऱ्याला शिकवू शकते' असं लिहिलेला, जपानच्या एका संस्थेचा. त्याच्यासाठी ती सहा-सात वर्षं राबली आणि तो तिला मिळाला नाही. का मिळाला नाही हे आज पाटोद्यात दोनच माणसांना ठाऊक आहे, त्यातला एक मी. बाकीचे चहाच्या टपरीवर बसून 'तिला जमलं नसंल' म्हणतात, आणि ते ऐकलं की माझं पित्त खवळतं. म्हणून लिहायला बसलो.

शिवकन्या बीडला नर्सिंग शिकली आणि तिथून थेट जपानला गेली, म्हाताऱ्यांना सांभाळायच्या कामावर. पाच वर्षं तिनं परक्या म्हाताऱ्यांना अंघोळी घातल्या, घास भरवले, कुशी बदलून दिल्या. तिथं सात नंबरच्या खोलीत नव्वदीची एक आजी होती. आयुष्यभर ब्रशनं अक्षरं काढायला शिकवत आलेली. तिकडं त्याला शोदो म्हणतात. तिचा हात चमचा धरताना थरथरायचा, ब्रश धरला की थांबायचा. ड्यूटी संपली की शिवकन्या तिच्यापाशी जाऊन बसायची. मग इकडं तिची आई न्हाणीत घसरून पडली आणि अंथरुणाला खिळली. भाऊ मेंढरांमागं, भावजय ऊसतोडीला. ही परत आली, पाटोद्याच्या एका खाजगी दवाखान्यात नोकरी धरली, आईला जवळ आणून ठेवलं. वाचनालयात रविवारची कला कार्यशाळा चालायची, तिथं जाऊन म्हणाली, मी शिकवते, फुकट शिकवते.

पहिल्या रविवारी लोक आले ते दुपारपर्यंत आपलं नाव जपानीत लिहायला शिकून घरी जायचं म्हणून. मी आलो तो छाती काढून. माझं अक्षर म्हणजे छापील. तालुक्यातल्या निम्म्या लग्नपत्रिकांवरची नावं माझ्या हातची. अडतीस वर्षं पोरांना मी एकच मंत्र दिला: गिरवा. गिरवल्याशिवाय अक्षर येत नाही. पाटीवर मी काढून द्यायचो, पोरं त्याच्यावरून पेन्सिल फिरवायची, अक्षर जाड होत होत गाढव व्हायचं, मग मी पुन्हा काढून द्यायचो. आणि इथं पहिल्याच दिवशी ही पोर म्हणते गिरवायचं नाही. म्हणजे माझी अडतीस वर्षं गेली कुठं?

दुसऱ्या रविवारी विसाचे नऊ झाले, चौथ्याला पाच. कारण सहा महिने तिनं 'एक'च्या पुढं कुणाला जाऊच दिलं नाही. एक आडवी रेघ. टेकवा, वढा, थांबा. लोक म्हणायचे, हे काय शिकवणं झालं? तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

सामान बघून तर मला हसूच आलं होतं. जपानहून आणलेला शाई उगाळायचा दगड तिच्याकडं एकच. आम्हाला म्हणाली, घरातली सहाण आणा. देवासाठी चंदन उगाळायची सहाण! माझ्या बायकोनं त्यावरून दोन दिवस अबोला धरला. कागदाखाली मऊ काहीतरी लागतं, त्याला तिनं वडिलांची जुनी घोंगडी कापली. आणि ब्रश तिनं स्वतः बांधले होते, भावाच्या शेळीच्या गळ्याखालचे केस, बांबूची दांडी, वरून रेशमी दोरा. मी नाक मुरडलं. म्हणालो, "शिवकन्या, हे असलं चालतं का?"

"तिकडं बी शेळीच्याच केसाचा असतो, गुरुजी," ती म्हणाली. "तिकडं त्याला पेटी असती. हितं शेळी हाय."

सरावाला रद्दी पेपर. भाऊंच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आली की आमची चंगळ, कारण तिच्यात मोकळी जागा जास्त. भाऊ म्हणजे आमच्याकडचे पुढारी, नाव कशाला घ्या. त्यांच्या कपाळावरून आम्ही शेकडो 'एक' ओढले असतील.

नर्सपणा तिच्या अंगात एवढा मुरला होता की वर्ग सुरू व्हायच्या आधी ती प्रत्येकाची नाडी बघायची. घड्याळाकडं बघत मनगट धरून उभी राहायची. नाडी जोरात असली की ब्रश द्यायची नाही. "लई पळतीय. उगाळा." मग बसा सहाणेवर शाईची कांडी गोल गोल फिरवत. माझी नाडी कायम पळायची. घरून निघताना कुणाशी ना कुणाशी भांडूनच निघायचो, रिक्षावाल्याशी नाहीतर ग्रामसेवकाशी. एकदा तर पाऊण तास नुसती शाई उगाळली. ती शाई शेवटी सलीम पेंटरनं वापरली.

सलीम पेंटर माझ्या शेजारी बसायचा. एकेकाळी तालुक्यातल्या सगळ्या भिंती, ट्रक आणि दुकानं त्याच्या हातची. मग फ्लेक्स आले आणि त्याचे डबे वाळून गेले. त्याचीही खोड माझ्यासारखीच. आधी अक्षराची कड काढायची आणि मग आत रंग भरायचा. शिवकन्या त्याच्या मागं उभी राहून ओरडायची, "भरायचं न्हाई सलीमभाई, वढायचं!" आणि फटका. सलीम हसायचा. माझ्यासारखा फणकारायचा नाही, म्हणून माझ्याआधी शिकला.

एका रविवारी उगाळता उगाळता मी तिला विचारलं, "तू अशी मारकुटी कधी झालीस? शाळेत तर तोंडातून शब्द फुटत नव्हता."

ती म्हणाली, "आजीनं मारलं म्हणून." आणि सांगू लागली. सात नंबरच्या आजीनं सुरुवातीचे दोन महिने तिला मारलं नाही, ओरडलीही नाही. शिवकन्या काय वाट्टेल ते काढायची आणि आजी मान हलवून म्हणायची, छान, छान. हिला वाटलं, आपल्याला येतंय. मग एकदा आजीनं काही न बोलता हिच्या मनगटावर फाडकन मारलं. तिथल्या दुसऱ्या नर्सनं हिला बाजूला घेऊन सांगितलं, अगं, आज तिनं तुला शिष्य केलं. ज्याला शिकवायचं नसतं त्याला ती छान म्हणते.

"मी बाथरूममदी जाऊन रडले," शिवकन्या म्हणाली. "मार खाऊन एवढा आनंद झालता मला."

मी तेव्हा 'काहीतरीच' म्हणालो. पण त्या दिवसापासून मी मनातल्या मनात माझे फटके मोजायला लागलो आणि सलीमपेक्षा मला जास्त पडले की बरं वाटायचं.

तिच्या तोंडून छान हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो भाऊंच्या माणसाला म्हणताना. गळ्यात उपरणं, हातात दोन मोबाईल, मागं फोटो काढायला एक जण. हॉलमध्ये चपला घालूनच आला. ब्रश झाडूसारखा धरून पेपरवर एक रेघ ओढली, तीनदा गिरवली, कॅमेऱ्याकडं बघून हसला. आता बसतोय याला फटका, म्हटलं.

"छान," शिवकन्या म्हणाली. "लई छान."

तो खूश. म्हणाला, "मॅडम, भाऊंचं नाव लिहून द्या जपानीत. जीपच्या काचंवर टाकायचं हाय."

"शिकवते की. सहा महिने एक काढा, मग बघू."

"ओ मॅडम, कुणाशी बोलताव?"

"तुमच्याशी. पुढच्या रविवारी घरून सहाण आणा."

पुढच्या रविवारी हॉलला कुलूप. विचारलं तर म्हणे दुरुस्ती काढलीय. दुरुस्ती! त्या हॉलची तुटकी खिडकी मी शाळेत नोकरीला लागल्यापासून तुटकीच आहे, तिला कुणी हात लावला नाही, आणि आता अचानक दुरुस्ती? मी वाचनालयाच्या अध्यक्षांच्या घरी जाऊन चांगलं झापलं. ते माझेच विद्यार्थी. मान खाली घालून 'वरून सांगितलंय गुरुजी' एवढंच म्हणत राहिले. मेरुदंड नावाचा अवयव मी त्यांना पाचवीत शिकवला होता, फुकट गेला.

मग आम्ही जनावरांच्या बाजाराच्या शेडमध्ये बसू लागलो. बाजाराचा दिवस सोडून ती रिकामीच असते. वर पत्रा, खाली लेंड्या. मी रुमाल नाकाला लावला तर शिवकन्या म्हणाली, "वास वळकीचा हाय." खराटा घेऊन तिनं स्वतः जागा झाडली, घोंगडीचे तुकडे मांडले. वारं यायचं, म्हणून कागदावर ठेवायला नदीतले गोटे आणले. राहिलो आम्ही चौघं. मी, सलीम आणि कॉलेजच्या दोन पोरी.

त्याच शेडमध्ये तिनं मला मेंढीची गोष्ट ऐकवली. चौथीत असताना तिनं चित्रकलेच्या स्पर्धेला मेंढी काढली होती. त्या काळी आमचा सगळ्या गुरुजींचा रिवाज होता. तपासणी असो की स्पर्धा, आदल्या दिवशी पोरांच्या वह्या-चित्रं घेऊन बसायचं आणि जिथं कमी-जास्त दिसेल तिथं आपल्या हातानं नीट करायचं. साहेबांना काळंभोर, भरगच्च, नेटकं लागायचं. कुणाला त्यात काही गैर वाटायचं नाही. शिवकन्येच्या मेंढीला तीनच पाय होते. मी चौथा काढला. चित्राला बक्षीस मिळालं.

मला यातलं काही आठवत नव्हतं. ती म्हणाली, "ती लंगडीच हुती, गुरुजी. पाय वर धरूनच चालायची. तिला आमी लंगडीच म्हणायचो. मी तिचं चित्र काढलतं. तुमी दुसरीच मेंढी केलाव." हसून बोलली, पण ब्रश खाली ठेवून बोलली. म्हणालो, "मग तेव्हाच सांगायचं होतंस." एवढंसं पोर मला सांगणार होतं! माझ्यासमोर तेव्हा हेडक्लार्कसुद्धा बोलत नसे.

आता त्या कागदाचं. शिवकन्या दर तीन महिन्यांनी तिकडं अक्षरं पाठवायची आणि एकेक पायरी वर चढायची. शेवटची परीक्षा राहिली होती. त्या संस्थेनं तिला हातबनावटीचे तीन कागद पाठवले, कोपऱ्यात लाल शिक्का असलेले. त्यातल्या एकावर लिहून ठरल्या तारखेच्या आत पाठवायचं. दुसरा कागद चालत नाही. आणि तपासणार सात नंबरची आजी. त्याच्यासोबत आजीनं कुणाकडून तरी दोन ओळी लिहवून पाठवल्या होत्या: मी आता यानंतर कुणाचं तपासणार नाही, तुझं बघूनच थांबते.

शिवकन्येनं अक्षर निवडलं ते 'वाट'. जपानीत ते चांगलंच गुंतागुंतीचं अक्षर. शेवटी खालून एक लांब फटकारा येतो, डावीकडून उजवीकडं, सगळ्या अक्षराला पोटाशी घेतल्यासारखा. दवाखाना, आईचं हगणं-मुतणं, स्वयंपाक, आणि उरलेल्या वेळात 'वाट'. घराबाहेर काळ्या झालेल्या पेपरांचा ढीग लागला. घरमालकीण म्हणायची, पोरगी येडी झालीय. पहिल्या कागदावर शाई जास्त झाली. दुसरा आम्हाला झकास वाटला, पण तिचा तिला पटला नाही, तिनं तो फाडून टाकला. तिसरा तिनं आमच्यासमोर लिहायचं ठरवलं. सोमवारी बीडहून तो पाठवायला हवा होता, आणि हा रविवार होता.

सकाळी शेडमध्ये आली ती धुतलेली साडी नेसून. शाई स्वतः उगाळली. मग माझ्यासमोर मनगट धरलं. "बघा, गुरुजी."

मी तिची नाडी धरली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाची धरत होतो, आणि हिनं ती सलीमला नाही, मला धरायला दिली होती. माझा ऊर भरून आला. नाडी शांत होती. माझीच पळत होती.

तिनं वाकून कागदाला नमस्कार केला आणि ब्रश टेकवला. दोन मिनिटंही लागली नसतील. शेवटच्या फटकाऱ्याला शाई सरत आली. काळा रंग मधेच फाटला आणि आतून कागदाचा पांढरा दिसू लागला, जुन्या घोंगडीचा काठ विरतो तसा. तिनं ब्रश उचलला. मग पुटपुटली, "आली." सलीमच्या डोळ्यात पाणी होतं.

एवढ्यात दवाखान्याचा फोन आला. बाळंतीण अडलीय, लगेच या. ती उठली, पायात चपला सरकवल्या आणि जाता जाता म्हणाली, "गुरुजी, वाळू द्या. कुणाला हात लावू देऊ नका." कुणाला, म्हणाली. मी त्या कुणात असेन असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

पोरी घरी गेल्या. सलीम चहा आणायला गेला. शेडमध्ये मी आणि तो कागद.

मी बघत बसलो. सगळं अक्षर कसं दणकट, आणि शेवटचा तो फटकारा असा फाटका. तिनं आम्हाला कितीदा सांगितलं होतं की शाई सरते तिथंच खरा हात दिसतो, तो फाटका भागच मोलाचा असतो. मी मान हलवली होती. भाषणाला हलवतो तशी. मनात म्हटलं, हे आपलं बोलायला ठीक आहे, पण परीक्षक तो परीक्षकच. मी अडतीस वर्षं पाहिलेत. पोरगी घाईत आहे, शाई कमी पडली, तिच्या ध्यानात आलं नाही. एवढ्याशा पांढऱ्यासाठी सहा वर्षं पाण्यात जायची. आणि तिचं कल्याण करणारा आपल्याशिवाय आहे कोण?

ब्रश अजून ओला होता. मी तो सहाणेवर टेकवला आणि ते पांढरं भरून काढलं. हात जराही हलला नाही. फार सुंदर भरलं. मागं सरून बघितलं आणि खरं सांगतो, मला समाधान वाटलं.

सलीम चहाचे ग्लास घेऊन आला. वाकून बघितलं, आणि ग्लास तसेच मातीत ठेवले.

"गुरुजी, ये क्या किया तुमने?"

"काय केलं? नीट केलं."

"नीट?" तो माझ्या अंगावर धावून येतो की काय असं वाटलं. "वो दिख्खेगा! सूखने दो, फिर देखो. अरे, मैं पेंटर हूँ, मेरेकू मालूम नै क्या?"

आणि वाळत गेलं तसं दिसायला लागलं. तिची शाई मऊ, कागदात मुरलेली. माझी तिच्यावर बसलेली, जास्त काळी, आणि कडेला फुटलेली. दहा पावलांवरून सांगता आलं असतं की इथं कुणीतरी मागं फिरलंय. पदर पसरून विनवावं तसं मी सलीमला म्हणालो, "सलीम, काहीतरी कर की बाबा." तो म्हणाला, "क्या करूं? फिर से भरूं?"

शिवकन्या दीडेक तासानं आली. लांबूनच ओरडली, "पोरगी झाली! दोघी बी ठणठणीत हायत!" चेहरा घामानं डबडबलेला, हसू मावत नव्हतं. घोंगडीजवळ आली आणि थांबली. बघत राहिली. सलीमनं मान फिरवली.

मला वाटलं, आता मारेल. मारावं म्हणून मी हात पुढंसुद्धा केला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. कागदाकडं बघतच म्हणाली, "काढला का चौथा पाय?"

एवढंच. ओरडणं नाही, रडणं नाही. मी बोलत सुटलो. मी त्या संस्थेला पत्र लिहितो, चूक माझी आहे म्हणून सही करतो, दुसरा कागद मागवू, वेळ मागू. तिनं कागदाची घडी घातली. तसाच पाठव, म्हणालो. "ते माझं न्हाई," ती म्हणाली आणि सामान आवरायला लागली. सोमवारी बीडला कुणी गेलं नाही. पुढं दोन-अडीच महिन्यांनी आजी गेल्याचं कळलं. संस्थेनं कळवलं की आता नव्या परीक्षकाकडं पहिल्या पायरीपासून यावं लागेल.

मला राग येतो. अध्यक्षाचा येतो, भाऊंच्या माणसाचा येतो, साहेबांच्या तपासण्यांचा येतो. पण त्यांनी काय केलं? त्यांनी हॉलला कुलूप लावलं. कागदाला हात मी लावला. अडतीस वर्षांत किती पोरांचं काय काय मी असं भरून काढलं असेल, आणि बक्षीस घेताना त्यांना काय वाटलं असेल, हे आठवायला बसलो की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. तेही करून झालं. स्वतःच्या हाताचं लागत नाही.

पुढच्या रविवारी ती आली. मला वाटलं नव्हतं येईल. नेहमीसारखं झाडलं, गोटे मांडले. सलीमची नाडी बघितली, पोरींची बघितली. माझ्यापुढून नुसती गेली. मी 'एक' काढला. वाईट आला होता, डाव्या टोकाला शाई फुटली होती. ती मागं येऊन उभी राहिली. मी मनगट सैल सोडलं.

"छान आलंय, गुरुजी."

आवाजात काही टोचणी नव्हती. भाऊंच्या माणसाला म्हणाली होती तितक्याच मायेनं म्हणाली. सलीमचा ब्रश थांबला. त्यानंतर सात-आठ महिने मी एकही रविवार चुकवला नाही. सलीमला फटके पडायचे, पोरींना पडायचे. एका पोरीला तर तिनं ढसाढसा रडवली. मला छान. जाड काढा, वाकडं काढा, छान. घरी चांगला येणारा 'एक' मी तिच्यासमोर मुद्दाम बिघडवायला लागलो. छान.

मग तिची आई गेली. दिवसपाणी झाल्यावर ती म्हणाली, परत जाते, तिकडं काम हाय. दगड, ब्रश, घोंगडी सगळं सलीमच्या हवाली केलं. "परवाना न्हाई तर न्हाई. तुमी चालवा," म्हणाली त्याला. आता तोच चालवतो.

निघायच्या दिवशी मी स्टँडवर गेलो. पिशवीत सहाण, बाटलीत शाई, ब्रश आणि पेपर. लोक बघत होते. बघू देत. बीडची गाडी लागायची होती, ती बॅगवर बसली होती. मी सिमेंटच्या बाकावर पेपर पसरला, त्यावर गोटा ठेवला आणि तिच्या डोळ्यांदेखत 'एक' ओढला. बरा आला होता. शेवटाला शाई सरून पांढरं दिसत होतं, तसं मला आयुष्यात पहिल्यांदा जमलं होतं. तिनं ते पाहिलं, हेही मी पाहिलं. मग मी ब्रश बुचकळला आणि तिच्याकडं बघत बघत त्याच्यावरून गिरवला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा गिरवताना मनात ओरडत होतो, मार गं बाई, एकदा मार.

गाडी लागली. कंडक्टर 'बीड, बीड' करायला लागला. ती उठली, बॅग खांद्याला लावली आणि वाकून पेपरकडं नीट बघितलं. मी उजवा हात पुढं केला, बाही कोपरापर्यंत वर ओढून.

"छान आलंय, गुरुजी," ती म्हणाली, आणि गाडीत चढली.

मी हात तसाच पुढं धरून उभा होतो.